तांब्याचा बंब, तीन किलोवॅटची किटली आणि मीटरची चकती

१९९५ च्या नोव्हेंबरात आमच्या घरमालकाने स्वयंपाकघराच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली. इंग्लंडच्या मधल्या भागातलं एक कारखान्यांचं गाव, लाल विटांचं जुनं घर. वर आम्ही चार भाडेकरू, त्यात दोन मराठी: एक मी आणि एक नागपूरकर. खाली घरमालक स्वतः राहायचा. साठीचा, सडाफटिंग, माणूस तसा वाईट नव्हता. चिठ्ठीत लिहिलं होतं की या तिमाहीत विजेचं बिल फार आलं आहे, त्याचं कारण घरातला 'जड स्वयंपाक' आहे, सबब जड स्वयंपाक करणाऱ्यांनी आठवड्याला माणशी दोन पौंड जादा द्यावेत. नाव कोणाचंच नव्हतं. पण त्या घरात शिट्ट्या मारणारं भांडं फक्त आमचंच होतं. उरलेले दोघे टोस्ट आणि डब्यातल्या बीन्सवर जगायचे.

"हा बुढा आपल्याला लुटून राहिला बे," नागपूरकर म्हणाला.

मला राग आलाच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी घेऊन आलेला मी, आणि आमच्या वरणभाताला किती वीज लागते हे मला सांगता येईना! तीन-चार किलोवॅट असं काहीतरी शेगडीच्या मागच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. पण ते म्हणजे उत्तर नव्हे. जिन्याखालच्या कपाटात मीटर होतं, त्यात एक चकती फिरत होती, आणि ती सगळ्या घरासाठी मिळून एकच होती. चहा कोणाचा, अंघोळ कोणाची, वरण कोणाचं, याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

त्या आठवड्यात मी काय मोजलं ते शेवटी सांगतो. आधी त्या चकतीची गोष्ट. ती वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आमचं भांडण शंभर वर्षं जुनं आहे. स्वयंपाकघरात वीज शिरली तेव्हापासून मीटर बनवणाऱ्यांपुढे आणि दर ठरवणाऱ्यांपुढे हाच पेच आहे: वीज 'किती' वापरली ते मोजायचं, की 'एका वेळी किती जोरात' ओढली ते?

आपण घरी सहज म्हणतो, यंदा दोनशे युनिट पडले. हा 'युनिट' शब्द कुठून आला याचा कधी विचार केलाय? १८८२ साली ब्रिटिश संसदेने विजेच्या दिव्यांसाठी पहिला कायदा केला. त्याखाली जे परवाने निघाले त्यांत विजेच्या विक्रीचं माप ठरवून दिलं होतं, तास आणि किलोवॅट यांचा गुणाकार. परवाने देणारं खातं होतं बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणून ते माप झालं 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट'. पुढे खात्याचं नाव गळून पडलं आणि नुसतं युनिट राहिलं. साहेबाबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि आजही आपल्या बिलावर ठाण मांडून बसलं आहे.

माप ठरलं, पण मोजायचं कशाने? सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी दिव्यागणिक पैसे घेत. तुमच्याकडे आठ दिवे, तर आठ दिव्यांचे अमुक इतके. मग माणसं दिवे विझवायचा कंटाळा करणार हे उघड आहे. एडिसनने यावर काढलेला उपाय अस्सल रसायनशाळेतला होता. काचेच्या बरणीत झिंक सल्फेटचं पाणी, त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात जाणाऱ्या विजेचा एक अगदी छोटा, ठरावीक हिस्सा या बरणीतून वळवायचा. जितकी वीज जाईल तितकं जस्त एका पट्टीवरून सुटून दुसऱ्या पट्टीवर बसतं. महिन्याने कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, धुवून-वाळवून नाजूक तराजूत तोलायचा आणि वजनातल्या फरकावरून बिल बनवायचा. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्याच पेटीत एक छोटा दिवा ठेवलेला असे, थंडी वाढली की तो आपोआप लागायचा. (वीज मोजायच्या यंत्राला ऊब द्यायला वीज!) गिऱ्हाइकाला मात्र यातलं काहीच वाचता येत नसे. कंपनी सांगेल तो आकडा खरा मानायचा. घरमालकाच्या चिठ्ठीसारखंच.

लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्टवर एडिसनचं वीजकेंद्र १८८२ च्या सुरुवातीला चालू झालं, न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटच्या कित्येक महिने आधी. तिथे काय किंवा तिथे काय, वीज विकायची ती दिव्यांसाठी. स्वयंपाकघर कोणाच्या डोक्यात नव्हतं.

जस्ताचं मीटर एकदिश प्रवाहाला, म्हणजे डीसीला चालतं. एसी आला तसं ते निकालात निघालं, कारण एसी क्षणात इकडून तिकडे आणि क्षणात तिकडून इकडे, पट्टीवर बसलेलं जस्त लगेच सुटणार. मग नवी मीटरं शोधायची शर्यतच लागली. बर्लिनमध्ये हेरमान आरोन यांनी दोन लंबकांचं घड्याळ बनवलं. वीज वाहू लागली की एक लंबक दुसऱ्याच्या पुढे पळायचा आणि दोघांमधल्या फरकातून वापर कळायचा. अमेरिकेत वेस्टिंगहाउसकडे काम करणाऱ्या ऑलिव्हर शॅलेनबर्गरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८८८ साली एका आर्क दिव्यावर काम चालू असताना एक छोटी स्प्रिंग निसटून आत पडली आणि जागच्या जागी फिरू लागली. दुसरा कोणी असता तर त्याने स्प्रिंग उचलून परत बसवली असती. हा ती का फिरते आहे ते बघत बसला आणि काही आठवड्यांत त्याने एसीचं मीटर तयार केलं. त्या मागचं तत्त्व, फिरतं चुंबकीय क्षेत्र, इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी त्याआधीच दाखवलं होतं. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातले ओटो ब्लाथी यांनी त्यावरून युनिट मोजणारं मीटर बनवलं. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी व्हरांड्यात किंवा जिन्यात काचेआड जी ॲल्युमिनियमची चकती फिरायची, ती याच घराण्यातली.

त्या चकतीची करामत थोडक्यात अशी. तिच्या एका बाजूला बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला घरातलं व्होल्टेज कळतं. दुसऱ्या बाजूला जाड तारेचं, त्यातून घरातला सगळा करंट जातो. दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं मिळून चकतीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतात आणि चकती फिरू लागते. शिवाय एक नालेसारखा चुंबक तिला सतत मागे खेचत असतो. तो नसता तर चकती भन्नाट सुटली असती. या ओढाताणीतून चकतीचा वेग त्या क्षणाच्या किलोवॅटइतका आणि तिचे एकूण फेरे युनिटांइतके, असा हिशेब आपोआप जमतो. म्हणजे 'किती' आणि 'किती जोरात' ही दोन्ही उत्तरं त्या एका चकतीत होती! पण खाली दाते लावलेल्या चाकांवर आकडा चढायचा तो फक्त फेऱ्यांचा. वेग कोणी टिपून ठेवत नव्हतं.

आणि वीज बनवणाऱ्याला खरी काळजी वेगाचीच होती. १८९२ साली जॉन हॉपकिन्सन या अभियंत्याने विजेच्या उत्पादनखर्चावर एक भाषण दिलं, ते या धंद्यात अजून आठवतात. मुद्दा साधा होता. वीजकेंद्राचा बराचसा खर्च कोळशाचा नसतो, यंत्रांचा, केबलींचा आणि तयार उभ्या ठेवलेल्या माणसांचा असतो. एखादा गिऱ्हाईक वर्षातून एकच रात्र शंभर दिवे लावणार असेल, तरी त्या शंभर दिव्यांची ताकद कंपनीला वर्षभर राखून ठेवावी लागते. त्याचे युनिट मात्र मूठभर. तेव्हा नुसत्या युनिटांवर पैसे घेतले तर बारा महिने चार दिवे जाळणारा दुकानदार त्या शंभर दिवेवाल्याचा खर्च उचलत असतो.

हे कागदावरून यंत्रात आणलं ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी. ते तिथल्या नगरपालिकेच्या वीजखात्याचे अभियंता. त्यांनी बनवलेलं साधन दिसायला थर्मामीटरचा भाऊ. काचेची वाकडी बंद नळी, आत द्रव, एका टोकाच्या फुग्याभोवती पट्टी गुंडाळलेली. घरातला करंट त्या पट्टीतून जायचा, पट्टी तापायची, फुग्यातली हवा फुगायची आणि द्रव ढकलला जाऊन शेजारच्या नळीत सांडायचा. जितका जास्त करंट तितका जास्त द्रव सांडणार, आणि सांडलेला परत येणार नाही. महिन्याने येऊन माणूस बघायचा की या घराने सर्वांत जोरात कधीतरी किती ओढली, मग नळी तिरपी करून द्रव परत भरायचा. शेजारी नेहमीचं मीटर असायचंच. दोन्ही आकडे घेऊन बिल व्हायचं: तुमची सर्वांत मोठी ओढ रोज एक तास चालली असं धरून तेवढे युनिट महाग, त्यापुढचे स्वस्त.

मला हे साधन फार आवडतं. त्यातली गंमत अशी की तापायला वेळ लागत असल्याने क्षणभराच्या झटक्याला ते दाद देत नसे. जोराची ओढ टिकली तरच द्रव सांडायचा. म्हणजे राइटसाहेबांच्या नळीने आमच्या दोन मिनिटांच्या किटलीला बहुधा अर्धीमुर्धी माफी दिली असती.

आता इथे स्वयंपाकघर येतं. दिवे लागतात संध्याकाळी, आणि केंद्रातली यंत्रं दिवसभर झोपा काढतात. दुपारी वीज घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर सोन्याहून पिवळं. शेगडी आणि किटली म्हणजे नेमकं तेच. चेम्सफर्डचे कर्नल क्रॉम्प्टन (तरुणपणी हिंदुस्थानात सैन्यात असताना वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे प्रयोग करणारे ते हेच) १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विजेच्या शेगड्या, तवे, किटल्या बनवून प्रदर्शनांत मांडत होते. पण दिव्याच्या दराने वरण शिजवणं कोणाला परवडणार? म्हणून कंपन्यांनी घरात दोन वेगळी वायरिंग आणि दोन मीटरं ठेवायला सुरुवात केली: एक दिव्यांचं, महाग, एक स्वयंपाक आणि शेगड्यांचं, कितीतरी स्वस्त. मग जे व्हायचं तेच झालं. लोक स्वस्त वायरीवर गुपचूप दिवे लावू लागले. पुढे बहुतेक ठिकाणी दोन मीटरांचा नाद सोडून एकच मीटर आणि वर एक ठरावीक आकार असं आलं. हा ठरावीक आकार कुठे घराच्या करपात्र मूल्यावर, कुठे फरशीच्या क्षेत्रफळावर. हॉपकिन्सनचा विचार राहिला, राइटची नळी घराघरांतून गेली. घर मोठं, तर ओढ मोठी असणार, असा अंदाज.

१९१८ मध्ये ब्रिटनमधल्या जेमतेम सहा टक्के घरांत वीज होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती दोन तृतीयांश घरांत पोचली. कुकर विकत घेणं झेपत नसे म्हणून वीजसंस्था ते भाड्याने देत. गरीब वस्त्यांत नाण्याचं मीटर असे, गॅसच्या मीटरवरून उचललेली कल्पना. फटीत शिलिंग टाका, चावी फिरवा, शिलिंग संपलं की घर अंधारात. अपमानकारक प्रकार होता, घरमालक त्यात मनमानी दर लावून घेत तेही खरं. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: आज संध्याकाळी ओव्हन लावला आणि शिलिंग लवकर संपलं, हे त्या घरातल्या बाईला त्याच संध्याकाळी कळायचं. तिमाही बिल भरणाऱ्या सुखवस्तू घरात ते कधीच कळत नव्हतं.

तिमाही बिलाचा हा आंधळेपणा एकदा सगळ्या देशाला महागात पडला. १९४७ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या बर्फाने कोळशाच्या गाड्या अडकल्या, वीजकेंद्रं रिकामी पडली. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार घरगुती वीज वापरू नये असा हुकूम निघाला. म्हणजे नेमकी चूल पेटायची वेळ. संकट ओसरल्यावर प्रश्न उरला की गर्दीच्या वेळची ओढ कमी कशी करायची. त्यासाठी १९४८ मध्ये समिती नेमली, अध्यक्ष सर अँड्र्यू क्लाउ. हे आपल्याकडचे आयसीएस, आसामचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा दर पुढच्या हिवाळ्यात लागू झाला: थंडीत वीज महाग, उन्हाळ्यात थोडी स्वस्त. वर्षभरात तो गुंडाळावा लागला. लोक चिडले हे तर झालंच. पण अभियंत्याच्या नजरेने बघितलं तर घोळ मुळातच होता. अडचण होती सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही तासांची, आणि मीटर वाचला जायचा तीन महिन्यांतून एकदा. रात्री अकरा वाजता भाकरी भाजणाऱ्यालाही तोच भुर्दंड आणि संध्याकाळी साडेपाचला भाजणाऱ्यालाही तोच. मग कोण कशाला वेळ बदलेल?

याच काळात आणखी एक निर्णय झाला, त्याची फळं इंग्लंडमध्ये राहणारे आपण रोज चहाबरोबर चाखतो. १९४२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, युद्धानंतरच्या घरांत वायरिंग कसं असावं यासाठी एक समिती बसली. वीस जणांत एकच बाई, कॅरोलिन हॅसलेट. स्त्रियांना विजेची उपकरणं समजावीत, त्यांच्या गरजा कारखानदारांना कळाव्यात म्हणून १९२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या त्या प्रमुख. समितीचा अहवाल आला १९४४ मध्ये, आणि १९४७ मध्ये तो चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला, मुलांचं बोट जाऊ नये म्हणून झडपा लावलेला १३ ॲम्पियरचा प्लग मानक ठरला. आधी घरात तीन-चार मापांचे गोल पिनांचे प्लग असत. (आपल्याकडे साधा पॉइंट आणि मोठा 'पॉवर'चा पॉइंट हा भेद अजून आहे, तो त्याच कुळातला.) आता घरातल्या कुठल्याही भोकात तीन किलोवॅटचं काहीही लावा. हा तीन किलोवॅटचा आकडा धरला होता खोली तापवायच्या शेगडीसाठी. त्याचा फायदा उचलला किटलीने.

१९२२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये तापणारी कांडी थेट पाण्यात बुडवलेली किटली निघाली होती. त्याआधी कांडी बुडाखालच्या वेगळ्या कप्प्यात असायची, निम्मी उष्णता टेबलच खायचं. १९५५ च्या सुमारास रसेल आणि हॉब्ज या दोघांनी पाणी उकळलं की वाफेने आपोआप बंद होणारी किटली आणली. प्लग तीन किलोवॅटचा आणि किटली विसरली तरी चालेल अशी, मग इंग्रज थांबतो कशाला? अमेरिकेतले आमचे मित्र इकडे आले की किटली बघून चकित होतात. तिकडे १२० व्होल्टच्या साध्या पॉइंटवर दीड किलोवॅटच्या आसपासच किटली चालते.

आणि आता गणित. एक लिटर नळाचं पाणी १५ अंशांवरून उकळायला साधारण ०.१ युनिट लागतो, थोडं वाया जातं ते धरून ०.११. इंग्लंडच्या किटलीला सव्वादोन मिनिटं लागतात, अमेरिकेच्या किटलीला साडेचार. युनिट तेवढेच. बिलाच्या दृष्टीने दोन्ही किटल्या जुळ्या बहिणी. पण ज्याला वीज पुरवायची आहे त्याच्या दृष्टीने एक दुप्पट दांडगट.

किती दांडगट, ते ४ जुलै १९९० च्या रात्री दिसलं. फुटबॉलच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. सामना पेनल्टीवर गेला, इंग्लंड हरलं, आणि सगळा देश एकदम उठून चहा टाकायला गेला. मागणी २,८०० मेगावॅटने उसळली. यात दिवे आले, पाण्याचे पंप आले, पण सगळं किटल्यांवर मांडलं तर नऊ लाखांहून जास्त किटल्या एकाच वेळी! असल्या क्षणांसाठी वेल्समध्ये एका डोंगराच्या पोटात डिनॉर्विगचं केंद्र खोदलेलं आहे, १९८४ मध्ये पुरं झालं. रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं. टर्बाइनं हवेत नुसती फिरत ठेवलेली असली तर बारा सेकंदांत १,३२० मेगावॅट मिळतात. त्या नऊ लाख किटल्यांनी मिळून खाल्लेली वीज मात्र लाखभर युनिटांच्या आत-बाहेर, देशाच्या त्या दिवशीच्या वापरात शोधूनही सापडणार नाही इतकी. डोंगर खोदला तो त्या युनिटांसाठी नव्हे, त्या दोन मिनिटांसाठी.

घरच्या माणसाला मोजायची सोय आली ती २००० नंतर, प्लग आणि भोक यांच्या मध्ये लावायच्या छोट्या मीटरांनी. मीही घेतलं, आठवडाभर वेड लागल्यासारखा टोस्टर, मिक्सर, मायक्रोवेव्ह मोजत सुटलो. पण त्यात मेख अशी की जी खरी दांडगी मंडळी, शेगडी-ओव्हन आणि पाण्याचा बंब, ती प्लगवर नसतातच. त्यांची वायर स्वतंत्र, थेट फ्यूजच्या पेटीतून. मग आली स्मार्ट मीटरं. ती दर अर्ध्या तासाचा वापर टिपून ठेवतात. क्लाउसाहेबांना हवं होतं ते सत्तर वर्षांनी मिळालं. बरोबर ओट्यावर ठेवायला एक छोटा पडदा देतात. आमच्याकडे किटली लावली की तो लालबुंद होतो आणि ही मला हाक मारते, "अहो, बघा, किटली किती खातेय!" आणि बंब किंवा कपडे वाळवायचं यंत्र दोन तास चालू राहिलं तरी पडद्याला त्याचं वेगळं काही वाटत नाही. पडदा वेग दाखवतो, बिल फेऱ्यांचं येतं.

तर आता १९९५ ची ती चिठ्ठी.

आमच्या मीटरच्या काचेमागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: युनिटला १८७.५ फेरे. म्हणजे चकतीचा एक फेरा १९.२ किलोज्यूलचा. फेऱ्याला जितके सेकंद लागतील त्यांनी १९.२ ला भागलं की किलोवॅट हातात. चकतीच्या कडेला काळी खूण असतेच. रविवारी बाकीचे बाहेर गेले, मी फ्रिज बंद केला, नागपूरकराने कुकर चढवला आणि मी टॉर्च आणि घड्याळ घेऊन जिन्याखाली बसलो. मोठी हॉटप्लेट पूर्ण जोरात: पावणेतेरा सेकंदांना एक फेरा, दीड किलोवॅट. तीन शिट्ट्या आणि मग मंद आच मिळून वरणभात ०.३ युनिट. पोळ्यांनी जास्त खाल्लं, ०.६, कारण ती जाड लोखंडी हॉटप्लेट तापायलाच दहा मिनिटं घ्यायची. भाजी धरून दोघांचा रात्रीचा स्वयंपाक साधारण एक युनिट, फार तर सव्वा. तेव्हा युनिट सात-साडेसात पेन्सला होता. आठवड्याचे साठ-पासष्ट पेन्स झाले दोघांचे मिळून, आणि मागणी होती चार पौंडांची.

मग वीज जाते कुठे? त्या रात्री दोन वाजता झोप येईना म्हणून पुन्हा खाली गेलो. सगळं घर गाढ झोपलेलं, एक दिवा चालू नाही, आणि चकती गरगर फिरत होती! फेऱ्याला ६.४ सेकंद. १९.२ भागिले ६.४, बरोबर तीन किलोवॅट. सात-आठ मिनिटांनी ती मंदावली, तासाभराने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी वरच्या कपाटाचं दार उघडलं तर आत तांब्याचा उघडाबोडका बंब, १४० लिटरचा, हात लावला तर चटका बसेल असा. अंगावर एक चिंधी नाही. बारा महिने चोवीस तास चालू. कोणी अंघोळ न करता, नुसतं कपाट गरम ठेवायला तो दिवसाला नऊ-दहा युनिट खात होता. आठवड्याचे पाच पौंड.

हे सगळं मी एका कागदावर मांडून, वेळा आणि फेरे लिहून, घरमालकाच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग काही न बोलता टॉर्च घेतला आणि स्वतः जिन्याखाली जाऊन बसला. पाच मिनिटं चकतीकडे बघत होता. मला म्हणाला, तीस वर्षं या घरात आहे, हे फिरतं ते कधी नीट बघितलंच नव्हतं.

शनिवारी तो हार्डवेअरच्या दुकानातून बंबाला घालायची लाल रंगाची जाडजूड गोधडी घेऊन आला, आम्ही दोघांनी मिळून ती दोऱ्यांनी बांधली. चिठ्ठी दारावरून गेली. दोन आठवड्यांचे आमचे चार-चार पौंड मात्र त्याने परत केले नाहीत. "आठ पौंडांत गोधडी आली असंल बे," नागपूरकर म्हणाला आणि कुकरची चौथी शिट्टी होऊ दिली.